खुनी नंतर, आधी पुस्तक शोध

भाचेबाई, मराठी रहस्यकथेवर प्रबंध लिहिणार म्हणून तुझी आई कपाळाला हात लावून बसली आहे. तिला विचार, लग्नाआधी उशीखाली ‘काळा पहाड’ ठेवून कोण झोपायचं? मामाला सगळं माहीत आहे म्हणावं.

विषय झकास आहे. अडचण एकच, आणि ती आधीच कळलेली बरी: जे फार वाचलं गेलं, तेच कमी उरलं. जाडजूड चरित्रग्रंथ कपाटात अजून करकरीत उभे आहेत, आणि अर्नाळकर मात्र लोकांनी वाचून वाचून संपवले. त्यामुळे तुला पुस्तकाइतकाच पुस्तकाच्या मागे राहिलेल्या खुणांचा शोध घ्यावा लागेल. देवघेवीच्या खिडकीमागे आयुष्य काढलेल्या माणसाचे हे चार शब्द ऐकून ठेव. चार म्हणजे चार नव्हेत, हे तुला ठाऊक आहेच.

१. घरातून निघण्याआधी वाचनालयात फोन कर आणि सुट्टीचा वार, संदर्भ विभागाची वेळ, दुपारची मधली सुट्टी एवढं विचार — देवघेव चालू असली म्हणजे संदर्भ विभाग उघडा असतोच असं नाही.

२. मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो एका पाकिटात घालून ते पिशवीतच राहू दे — ‘उद्या घेऊन या’ ऐकलं की दिवस जातो तो जातोच, वर तोंडही उतरतं.

३. पेन्सिल ने, शार्पनरसकट — पेन दिसलं की ग्रंथपालाचा अर्धा जीव तुझ्या टेबलापाशी अडकून पडतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

४. कपाटातून पुस्तकं काढून आणणाऱ्या शिपायाचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घे, आणि दुसऱ्या दिवशी त्या नावाने हाक मार. कार्ड सांगतं ‘आहे’, शिपाई सांगतो ‘कुठे आहे’ — मधल्या काळात तीन वेळा रंगकाम झालेलं असतं आणि कपाटं हललेली असतात, ते कार्डाला कोणी कळवलेलं नसतं.

५. तालिकेत ‘रहस्यकथा’ असा विषय शोधत बसू नकोस — ड्युईच्या दशांश पद्धतीत अख्ख्या मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा एकच आकडा. फडके, खांडेकर, धारप, अर्नाळकर सगळे एकाच रांगेत आडनावाप्रमाणे उभे. आत खून आहे की भूत आहे की नुसतंच प्रेम, याच्याशी आकड्याला कर्तव्य नाही.

६. म्हणून लेखकांची यादी घरूनच करून ने. ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा’चे १९२०च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही खंड चाळ, विश्वकोशातली नोंद वाच, शोधगंगेवरच्या प्रबंधांच्या शेवटच्या संदर्भसूच्या उतरवून घे — नाव हातात नसेल तर तालिका मुकी असते.

७. प्रत्येक लेखकापुढे खरं नाव आणि लिहिण्याचं नाव, दोन्ही मांड — बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, आणि कार्ड कुठल्या नावाखाली घातलं आहे हे त्या काळच्या कार्ड लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होतं.

८. विज्ञानकथेच्या गल्लीत शिरलीस तर तिथेही नावांवर नजर ठेव. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं, ते ‘नारायण विनायक जगताप’ या नावाला — जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. कथेपेक्षा रहस्य लेखकाच्या नावात जास्त!

९. लेखक सापडला नाही तर नायकाला पकड: अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी — वर्गणीदार खिडकीशी येऊन ‘नवा झुंजार आला का?’ असंच विचारायचे, लेखकाचं नाव क्वचितच घ्यायचे, आणि कित्येक हस्तलिखित याद्यांतही नायकच मथळ्याला आहे.

१०. संगणकावर शोधताना शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघ, अनुस्वार देऊन आणि काढून — शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२चे; त्याआधीच्या मुखपृष्ठांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार ठिकठिकाणी बसलेले आहेत, आणि यंत्राला समजूत नाही.

११. शिकागो विद्यापीठ किंवा वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या तालिका घरबसल्या बघता येतात, पण तिथे आडनावाच्या शेवटी रोमनमधला ‘अ’ जोडून शोध — ते लोक नारळीकरांच्या ‘र’मधला अकारसुद्धा सोडत नाहीत, त्यामुळे वाचायला गेलं तर ‘नारळीकरा’ होतं. आपल्याकडे रद्दीत गेलेलं पुस्तक तिथे नीट ठेवलेलं निघतं. वाईट वाटून घ्यायचं की बरं, ते तू ठरव.

१२. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनमध्ये नाव सापडलं नाही म्हणून पुस्तक नाही असं समजू नकोस — मराठी नावं तिथे रोमनमध्ये कशीही टंकली आहेत. प्रकाशकाच्या नावाने, सालाने, नावातल्या एखाद्याच तुकड्याने शोध. आणि सापडलं की पानांचे आकडे सलग आहेत ना, ते आधी बघ.

हे झालं पुस्तकापर्यंत पोचायचं. आता ते हातात आलं असं धर. वाचनालयातलं पॉकेटबुक तुला सुटं मिळणार नाही. चार-पाच गोष्टी एकत्र बांधलेला हिरव्या रेक्झिनचा ठोकळा मिळेल, पाठीवर पांढऱ्या रंगात हाताने घातलेला आकडा. उघडलास की पहिल्या गोष्टीचं रंगीत मुखपृष्ठ गायब. दुसरीचं आहे, पण खळीने पुठ्ठ्याला असं चिकटलंय की मागची बाजू कायमची गेली. बाइंडरने कडा कापताना पानांचे आकडे अर्धे उडवलेत, आणि शिवण इतकी आत घेतलीय की ओळीची शेवटची अक्षरं वाचायला मान वाकडी करावी लागते. आतल्या बाजूला तारखांच्या चिठ्ठ्या एकीवर एक डकवलेल्या, बोटाला जाड लागतील इतक्या. आणि तिसऱ्या पानावर, पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात कुण्या परोपकारी वाचकाने लिहून ठेवलेलं: ‘नोकरावर संशय घेऊ नये, वकील आहे’.

या ठोकळ्याकडे गोष्टीचं पुस्तक म्हणून बघू नकोस. तो पंचनामा आहे.

१३. ठोकळा टेबलावर सपाट उघडायला दाबू नकोस. खाली दुमडलेला पंचा ठेव आणि जेवढं उघडेल तेवढंच उघड — त्या काळच्या स्वस्त कागदाचं पान वाकत नाही, तुटतं.

१४. झेरॉक्स मागू नकोस, परवानगी घेऊन फोनवर फोटो काढ — झेरॉक्सला पुस्तक पालथं दाबावं लागतं, आणि पाठ मोडली की पुढच्या संशोधकाच्या हाती सुटी पानं.

१५. पहिला फोटो दाखल क्रमांकाचा, दुसरा मुखपृष्ठाचा, तिसरा त्याच्या मागच्या बाजूचा, मग बाकीचं. नंबराविना फोटो, पाटीविना गाव — घरी गेल्यावर कुठला झुंजार कुठल्या वाचनालयातला, हे झुंजारही सांगू शकणार नाही.

१६. तारखांची चिठ्ठी गोष्टीइतक्याच लक्षपूर्वक वाच — एक पुस्तक आठवड्याला फिरत होतं की वर्षाला, कुठल्या साली मागणी अचानक आटली, याचा पुरावा तिथे शिक्क्यांनी मारून ठेवलाय. टीकाकारांनी रहस्यकथेवर ओळ खर्च केली नाही, ती कसर या चिठ्ठ्यांनी भरून काढली आहे.

१७. मलपृष्ठ आणि शेवटच्या पानांवरच्या जाहिराती सोडू नकोस — ‘पुढील महिन्यात प्रसिद्ध होणार’ या यादीवरून मालिकेचा क्रम लागतो, किमती कळतात, आणि प्रकाशकाचा पत्ता बदलला की त्याचे दिवस कसे चालले होते तेही उमगतं.

१८. पॉकेटबुकावर पुष्कळदा साल छापलेलंच नसतं. तेव्हा अंदाज ठोकून देऊ नकोस. वाचनालयात दाखल झाल्याची तारीख लिही आणि ‘या तारखेच्या आधी’ असं मांड — साल चुकलं तर कोणी कोणाची नक्कल केली हा तुझा सगळा युक्तिवाद उलटा फिरतो.

१९. शेवटची पानं आहेत ना, ते वाचायला बसण्याआधी बघ — खुनी शेवटच्या पानावर असतो आणि पुस्तकाचं शेवटचं पानच आधी सुटतं. रात्रभर जागून वाचलेल्या वर्गणीदाराचा सकाळी खिडकीशी झालेला चेहरा मी पाहिला आहे.

२०. समासातल्या वाचकांच्या शेऱ्यांचेही फोटो घे — ‘बंडल’, ‘मस्त’, ‘हे इंग्रजी सिनेमातून चोरले’ हे त्या काळच्या वाचकाचं मत आहे, आणि त्यासाठी तुला प्रश्नावली वाटावी लागलेली नाही.

आता खरा खजिना. माझं ऐकशील तर पुस्तकांच्या आधी यावर वेळ घाल.

२१. दाखल नोंदवही मागून बघ, त्या लांबोडक्या, लाल कापडी पाठीच्या वह्या. त्यात तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, विक्रेता आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो — पुस्तक बाद झालं की तालिकेतलं कार्ड काढून टाकतात, नोंदवहीतली ओळ मात्र जागीच राहते. ‘फाटले’, ‘हरवले’, ‘बाद’ हे शेरे म्हणजे तुझ्या विषयाची स्मशाननोंद. कुठल्याच कपाटात नसलेलं पुस्तक गावात आलं होतं, किती पैशांना आलं आणि किती वर्षं टिकलं, हे सांगणारी दुसरी जागा नाही.

२२. नोंदवही मागताना आवाज नरम ठेव आणि कारण सांग — ती हिशेबाची वही आहे, लेखापरीक्षणाला लागते. अनोळखी माणसाच्या हाती ती द्यायला कोणीही कचरेल. लांब टेबलावर, ग्रंथपालाच्या नजरेसमोर बसून बघेन असं आपणहून म्हण.

२३. १९५०पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उशाशी घे: पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५० — एका माणसाने ध्यास घेऊन केलेलं हे काम आहे, आणि सरसकट ‘मिळत नाही’ म्हणण्याआधी दात्यांना विचारायची रीत आहे. मात्र सूचीत सापडलं म्हणजे हाती लागलं नव्हे.

२४. १८६७च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकाची प्रत सरकारला द्यावी लागे, आणि सरकार दर तिमाहीला यादी छापी. त्या याद्या गाठ — त्यात मुद्रक, पानं, किंमत यांच्याबरोबर किती प्रती छापल्या तो आकडाही असतो, जो प्रकाशक एरवी सख्ख्या भावाला सांगत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या आहेत; आधी मुंबईत चौकशी कर.

२५. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमाराला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला जायला हवी. ‘हवी’वर जोर आहे — महिन्याला पुस्तक काढणारा पॉकेटबुकवाला टपालखर्च वाचवायचा, त्यामुळे तिथे नसणं हा काही पुरावा नव्हे.

२६. एकोणिसाव्या शतकातल्या अद्भुत कादंबऱ्या, म्हणजे तुझ्या रहस्यकथेच्या आज्या-पणज्या, वेगळ्या मागाव्या लागतात. १८६७पर्यंत छापलेल्या पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात आणि ती कुलपात असतात — हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, म्हणजे कुलपात. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, बिचारी एका वर्षाने हुकली, ती साध्या कपाटातही निघू शकते.

२७. इंग्रजी कपाटाकडेही फेरी मार. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या वाचताना शेजारी रेनॉल्ड्स ठेव, नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचताना स्टीफन किंगचं ‘सालेम्स लॉट’ — काय घेतलं यापेक्षा काय बदललं ते बघण्यात मजा आहे. आणि ‘चोरी’ हा शब्द लिहायची घाई करू नकोस. त्या काळी रूपांतर हा उघड धंदा होता, आणि धारपांच्या ‘आजी’ने पुढे ‘तुंबाड’ सिनेमालाही काहीतरी दिलंच.

२८. दिवाळी अंक विसरलीस तर अर्धा विषय विसरलीस. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून पाहा, मग अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’, आणि ‘धनंजय’ — गूढकथा आणि विज्ञानकथा पुष्कळदा आधी तिथे आली, पुस्तकात नंतर, आणि मधल्या वेळात लेखकाने शेवट बदललेला असतो.

२९. मासिकांचे बांधीव खंड मागितलेस की त्यात दिवाळी अंक असेलच असं धरू नकोस, तो वेगळा माग — वाचनालयं दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना चालवतात, वेगळी वर्गणी घेतात, अंक घरोघर फिरतात, आणि फाल्गुनापर्यंत त्यांचं मुखपृष्ठ कुठेतरी गळून पडलेलं असतं.

३०. ‘केरळ कोकिळ’सारखी जुनी मासिकं चाळताना अनुक्रमणिकेवर विसंबू नकोस, पानं उलट — ज्यूल व्हर्नची चांद्रसफर तिथे क्रमशः आली होती, आणि अशा लेखमाला कधी कुठल्या सदराखाली दडतील याचा नेम नाही.

कुठे जायचं विचारशील, तर मुंबईत दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात कर, ते १८९८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी थोरलं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. गुरुनाथ नाईक मूळचे गोव्याचे, म्हणून पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक खेप हवीच. मासे खायला म्हणून गेलीस तरी चालेल, पण जा. पण माझा जीव विचारशील तर तालुक्याच्या गावांत आहे. मोठ्या संग्रहालयांनी रहस्यकथा हलकी म्हणून पुष्कळदा घेतलीच नाही. तालुक्याच्या वाचनालयाला तो मान परवडत नव्हता. वर्गणीदार टिकवायचा तर झुंजार ठेवावाच लागे.

३१. तालुक्याला जाताना ओळखीचं पत्र नको, वेळ ने. सकाळी वर्तमानपत्र विभागात बसणारे पेन्शनर गाठ — त्यांतल्या निम्म्यांनी ही पुस्तकं शाळेच्या दप्तरातून पळवून वाचली आहेत, आणि कुठली मालिका कुठल्या सुट्टीत आली हे त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवतं. त्यांनी सांगितलेलं लिहून घे, आणि मग नोंदवहीशी ताडून बघ. माणूस आवडत्या पुस्तकाचं वय कमी सांगतो.

३२. बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांची चौकशी कर — घरच्या पडवीत, दिवसाला काही पैसे भाड्याने चालणारी ही दुकानं मिटली तेव्हा मालकांनी पोत्यांनी पुस्तकं जवळच्या वाचनालयाला दिली. ती पोती कधी कधी दाखलच झालेली नसतात, माळ्यावर तशीच असतात.

३३. माळ्यावर चढायची वेळ आली तर नाकाला फडकं बांध आणि जुना ड्रेस घाल — कसर आणि धूळ प्रबंध बघत नाही. तुला दमा आहे, हे आईला न विचारता मला आठवतंय.

३४. जिथे पोती न दाखल झालेली सापडतील, तिथे दोन दिवस बसून त्यांची साधी यादी करून दे, एक प्रत त्यांना, एक तुला — त्यांच्याकडे माणूस नसतो म्हणून ते काम राहिलेलं असतं, आळसाने नव्हे. आणि पुढच्या वेळी कपाटाची किल्ली तुला न मागता मिळते.

३५. रोज संध्याकाळी, चहा घेण्याआधी, त्या दिवशी मागितलेली पण न मिळालेली पुस्तकं वेगळ्या वहीत लिही, वाचनालयाच्या नावासकट — मिळालेली कुठेही पळत नाहीत. न मिळालेल्यांचं दुसऱ्यांदा मागताना आठवत नाही, आणि त्याच खिडकीशी तोच प्रश्न विचारला की शिपाई हसतो.

३६. ती न मिळालेल्यांची वही रविवारी घेऊन ये. शिरवळकरांची काही सुटी पॉकेटबुकं माझ्या ट्रंकेत आहेत, मुखपृष्ठांसकट. नेताना मात्र माझ्या वहीत तारीख घालून सही करायची, आणि पंधरा दिवसांनी परत — मामा असलो तरी दंड घेतो.